खारट चटणीचा बाजारभाव

तिच्या गाडीत स्टीअरिंगमागे जो बसेल त्याला ती ‘अहो’ म्हणायची. मग तो सतरा वर्षांचा पोरगा असो, नाहीतर माझ्यासारखा बेचाळिशीतला घोडा. गाडीबाहेर ती सगळ्यांना सरसकट अरे-तुरे करायची. मला तर पहिल्याच फोनवर “कधी येतोस?” असं विचारलं होतं. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसून पट्टा लावला की, “अहो, आरसा बघा. आता इंडिकेटर द्या. आता खांदा.” शिकवणीचा तास संपून मी खाली उतरलो की पुन्हा, “मंगळवारी उशीर करू नकोस हं.”

एकदा मी कारण विचारलं. म्हणाली, “टनभर लोखंड ज्याच्या हातात आहे त्याच्याशी मानाने बोलावं. आणि घाबरलेल्या माणसाला अरे म्हटलं की तो आणखी घाबरतो.”

पुढे तिची लेक सोळा वर्षांची झाली, तिला शिकवायला घेतलं, तेव्हाही तेच. “अहो, ब्रेक.” लेक म्हणाली, “मम, स्टॉप कॉलिंग मी अहो. इट्स सो वीअर्ड.” तर म्हणे, “गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग थांबवते.”

मी मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस आहे. लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतो, रीतसर रजिस्टर्ड एजंट आहे. फार बोलणारा माणूस नाही. ह्या धंद्यात ते चालतं, उलट लोकांना बरं वाटतं. पण न बोलण्याची सवय लागली की माणूस कशाकशावर पांघरूण घालतो, ते त्याचं त्यालाच कळेनासं होतं. एक गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. ती आता सांगायची आहे, आणि ती हिच्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आधी ही.

आमची ओळख माझ्या नापासीतून झाली. पुण्यात मी पंधरा-सोळा वर्षं गाडी चालवली होती. इथल्या परीक्षेत दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा कारण एकच, लेन बदलताना मान वळवून मागे बघितलं नाही. आरशात न दिसणारी जी जागा असते ती बघायची राहिली. ती त्याला नुसतं ‘खांदा’ म्हणायची. “आरशात दिसतं त्याची भीती नाही. आरशात दिसत नाही तेच येऊन आदळतं.” हे वाक्य तासाला एकदा तरी ऐकवायची. तिसऱ्या खेपेला मी इतकी मान वळवत होतो की परीक्षकाने विचारलं, मानेला काही त्रास आहे का. पण पास झालो.

हा ‘खांदा’ तिला सगळीकडे चालायचा. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात मी, कधी नव्हे तो, मंडळाच्या अध्यक्षांबद्दल कुणाशी तरी जरा मोकळं बोलत होतो. ती हातात प्रसादाच्या वाट्या घेऊन शेजारून गेली आणि जाता जाता हळूच म्हणाली, “खांदा.” मान वळवली. अध्यक्ष मागेच उभे होते.

नवऱ्याबद्दल तिने मला एकदाच सांगितलं. लेक चार वर्षांची असताना तो ब्रिस्बेनला नोकरीसाठी गेला आणि तिकडचाच झाला. “त्याने इंडिकेटर दिला होता,” ती म्हणाली. “मीच बघितला नाही.” एवढंच. तेव्हापासून ती, लेक आणि ती पांढरी गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक बसवलेली.

तिचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा होता. इथे शिकवणारा डावीकडे बसतो, वर्षानुवर्षं खिडकीतून ऊन त्याच हातावर. मी तिला सांगितलं, सनस्क्रीनचा खर्च तुला धंद्यात दाखवता येतो, ट्यूबची पावती ठेव. तिने विचार केला आणि म्हणाली, “त्याच ट्यूबमधलं मी लेकीला लावते. तोंडाला पण लावते, तोंड तर माझं सगळीकडेच असतं.” शेवटी डाव्या हाताचं तेवढं घाल म्हणाली. मी विचारलं, हाताचं किती धरू. म्हणाली, “पाव ट्यूब.” तिच्या त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये पाव ट्यूब आहे.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे एकट्या पालकाला मुलासाठी सरकार भत्ता देतं. किती द्यायचा ते उत्पन्नावर. नोकरदाराचं उत्पन्न ठरलेलं असतं, पण स्वतःचा धंदा करणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाज सांगायचा, यंदा मी एवढं कमावीन. अंदाज कमी सांगितला तर दर पंधरवड्याला भत्ता जास्त येतो, आणि मग वर्षअखेर रिटर्न भरला की जास्तीचा परत मागतात. अंदाज जास्त सांगितला तर भत्ता कमी येतो आणि राहिलेला शेवटी एकदम मिळतो. माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे अंदाज कमी सांगतात आणि कॅशचं तर सांगतच नाहीत. ती अंदाज भरपूर जास्त सांगायची. “परत द्यायची वेळ आली तर मला झोप येत नाही,” म्हणायची. मग वर्षअखेर जे एकरकमी यायचं त्याला तिने नाव ठेवलं होतं ‘रविवारचे पैसे’. त्या पैशांच्या जोरावर ती रविवारी कुणालाही शिकवत नसे. रविवार लेकीचा.

कॅशबद्दल तिला लोकांनी कमी समजावलं नाही. माझ्या समोर एकीने सांगितलं, “अगं, दहातल्या चार जणांनी कॅश दिली ती कोण दाखवतं? तू एकटी बाई, तुला कोण विचारणार आहे?”

“कोणी नाही विचारणार,” ती म्हणाली. “पण ते पैसे माझ्या लेकीच्या नावाने येतात. तिच्या नावावर मी खोटं कसं लिहू? उद्या ती विचारेल ना.”

तिची एक निळी शाळकरी वही होती, दर वर्षी नवी. त्यात एका रकान्यावर नुसतं ‘मिळालं’ असं लिहिलेलं. बँकेत आलेले, हातात आलेले, सगळे त्यात. आणि डबे.

डबे काकूंचे. काकू साताऱ्याच्या, मुलाकडे इकडे राहायला आल्या तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या असतील. मुलगा चांगला. कुठे जायचं म्हटलं की, “आई, मी नेतो की.” नेतोही. पण काकूंचं म्हणणं असं, की मुलगा बाहेर इंजिन चालू ठेवून थांबला की त्यांच्याकडून भेंडी नीट निवडली जात नाही. एक एक भेंडी मोडून बघायची ती मूठभर उचलून पिशवीत. म्हणून त्यांना गाडी शिकायची होती. फक्त वाण्याच्या दुकानापर्यंत, इथे भाजीही तिथेच मिळते. लर्नर्सची लेखी परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. फीचे पैसे मात्र मुलाकडे मागायचे नव्हते. “त्याच्याकडून मागून शिकले, तर ते त्यानेच शिकवल्यासारखं होतं.”

ही म्हणाली, काकू, तुम्हाला फुकट शिकवते. काकू म्हणाल्या, फुकट असेल तर मी येत नाही. मग डबा ठरला. रविवारी सकाळी आठला तास. कुणालाही न मिळणारा रविवार काकूंना मिळाला, कारण लेकीला काकू आवडायच्या. लेक मागच्या सीटवर बसायची. तास झाला की तिघी ओढ्याकाठच्या पार्कमध्ये बाकावर बसून तो डबा खायच्या. मी एकदा चालायला गेलो असताना त्यांना बघितलं होतं. काकू हातातल्या पोळीने हवेत गोल काढून दाखवत होत्या. “राउंडअबाउटला कशाला घाबरायचं? प्रदक्षिणाच की ती. डावीकडून शिरायचं, देव उजव्या हाताला ठेवायचा, आणि आधीपासून फिरत असेल त्याला वाट द्यायची.”

“आणि इंडिकेटर?” हिने विचारलं.

“देवळात कुणी देतं का?”

लेक हसून हसून बाकावरून घसरली होती.

तर तो डबा ती वहीत लिहायची. कायद्याने तिचं बरोबरच होतं. धंद्याच्या बदल्यात वस्तू घेतली तर बाजारभावाने ते उत्पन्नच. हे मला ठाऊक आहे, आणि असं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला हेही ठाऊक आहे. भाव ठरवायला ती मेन रोडवरच्या थाळीवाल्याला जाऊन विचारून आली. दोन भाज्या, सहा पोळ्या, वरण-भात, चटणी म्हणजे बारा डॉलर. पुरणपोळी असेल तर पंधरा. लेक म्हणायची, “मम, इट्स अ रोटी, नॉट अ सॅलरी.”

“तुला रोटी,” ही म्हणायची. “मला फी.”

आता माझं.

त्या वर्षीचा तिचा रिटर्न मी मे महिन्यात तयार केला. एजंटकडून भरला की मुदत लांबते, त्यामुळे मे म्हणजे उशीर नव्हता. पण भत्त्याची रेघ वेगळी असते. इथलं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं. ते संपल्यापासून पुढच्या वर्षभरात, म्हणजे त्यापुढच्या तीस जूनपर्यंत, रिटर्न पोचला नाही तर राहिलेले पैसे गेले. टॅक्सचा उशीर निभावतो, ह्याचा नाही. हे मी लोकांना दर वर्षी सांगतो.

डबे एक्केचाळीस होते. मी तिला म्हटलं, चाळीस धरू, सरासरी बारा, गोल आकडा लिहून टाकू. ती म्हणाली, नाही. पुरणपोळीचे तीन वेगळे, आणि एका डब्याचे अकराच.

“अकरा का?”

“त्या दिवशी चटणी खारट होती. एक डॉलर कमी लावला.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. “खारट चटणीचा बाजारभाव कुठे छापून येतो?”

“मी खाल्लीय ना ती. मला माहीत आहे.”

“अगं, कायद्याने तुझं बरोबर आहे. पण जगात कुणी असं करत नाही.”

“मग जगाला चुकू दे.”

तिने तो कागद तीन वेळा दुरुस्त करायला लावला. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. मी आवाज चढवत नाही, म्हणून माझं मलाच वाईट वाटलं आणि त्याचाही राग तिच्यावरच निघाला. जूनच्या मध्यावर ती सही करून गेली. दारात थांबून म्हणाली, “ह्या आठवड्यात पाठवशील ना?”

“हो,” मी म्हटलं, आणि फाइल ड्रॉवरमध्ये टाकली.

इथे मला नीट लिहायला हवं. कामाच्या गर्दीत विसरलो, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मी विसरलो नव्हतो. रोज ड्रॉवर दिसत होता. थांबू दे जरा हिला, असं माझ्या मनात होतं. चटणीच्या एका डॉलरसाठी मला तीनदा नाचवते, तर थांबू दे. मग जूनअखेरची गर्दी आली आणि त्या गर्दीत खरंच विसरलो. अकरा जुलैला स्टेपलरच्या पिना शोधताना फाइल हाताला लागली. पाच मिनिटांत रिटर्न गेला. पाच मिनिटांचंच काम होतं.

ऑगस्टमध्ये ती फोनवर आलेलं पत्र दाखवायला आली. उत्पन्नाची खात्री मुदतीत झाली नाही, त्यामुळे वर्षअखेरची बाकी देता येत नाही, असं काहीसं. ती रागावली नव्हती. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

“मुदतीत का नाही झाली रे? मी तर सही जूनमध्येच केली होती.”

मी म्हणालो, “तुझ्या डब्यांमुळे. असं काहीतरी वेगळं लिहिलं की ते तपासायला बाजूला पडतं.”

वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मी ते परत घ्यायला हवं होतं. त्या वेळी माझी चूक मी लेखी दिली असती, तर तिला मुदतवाढ मागता आली असती. मिळालीच असती असं नाही, पण मागता आली असती. मला माझ्या रजिस्ट्रेशनची भीती वाटली. आपल्या लोकांत नाव जाईल ह्याची जास्त. आणि खरं सांगायचं तर, ती माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होती तो जाईल ह्याची सगळ्यात जास्त.

तिने पत्र पुन्हा वरपासून वाचलं. “म्हणजे माझ्या अतिशहाणपणामुळे,” म्हणाली. मी काही बोललो नाही. मला बोलायची सवय नाही, म्हटलं ना.

पुढच्या आठवड्यात तिने काकूंना सांगितलं, काकू, डब्याचं आता जमायचं नाही. डबा घ्यायचा तर लिहायला हवा, आणि लिहिला तर लेकीचे पैसे अडकतात. न लिहिता घेणं तिच्याच्याने होण्यातलं नव्हतं. रविवारचे पैसे नाहीत म्हणून रविवारी पैसे देणारे तीन विद्यार्थी घेतले. लेक रविवारी घरी एकटी राहायला लागली, मग शेजारी, मग मॉलमध्ये मैत्रिणींबरोबर. पुढच्या वर्षी रविवारचे पैसे आले. वेळेत, कारण तो रिटर्न मी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच पाठवला होता. पण तोवर लेक तेरा वर्षांची झाली होती, आणि तेरा वर्षांच्या मुलीला आईबरोबर पार्कमधल्या बाकावर बसायचं नसतं.

काकू मला एकदा मंडळाच्या कार्यक्रमात भेटल्या. शिकणं सुटलं त्याबद्दल मी काहीच विचारलं नाही, त्यांनीच काढलं. हिने त्यांना पैसे अडकल्याचं सांगितलेलं दिसत नव्हतं. “माझ्या हाताला हल्ली मीठ जास्त पडतं,” त्या म्हणाल्या. “एकदा ती म्हणाली होती, काकू, चटणी खारट झालीय. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. कंटाळली असेल पोरगी माझ्या डब्याला.” माझ्या हातात भजी होती. ती मी तशीच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

तेव्हापासून मी हिची फी घेणं बंद केलं. जुनी ओळख, म्हटलं, राहू दे. मला वाटलं ह्याने काहीतरी फिटेल. पण ती ती. दुसऱ्याच वर्षी वही उघडून विचारते, “तू फी घेतली नाहीस, म्हणजे ते मला मिळालंच ना? लिहू का?” मी म्हटलं, ती भेट आहे, लिहायची गरज नाही. “बरं,” म्हणाली, पण समाधान झालं नाही. मग त्या बदल्यात दर वर्षी ती मला बाहेर नेऊन अर्धा तास समांतर पार्किंग करून घ्यायची. “अहो, चाक सरळ करा. अहो, कुठे निघालात, फुटपाथवर?” घाम फुटायचा मला. तो घाम पार्किंगचा नव्हता.

गेल्या जुलैत ती आली. आर्वोची, म्हणजे दुपारनंतरची वेळ, बाहेर गार वारा, मी हीटर लावून बसलो होतो. लेकीचं बारावी झालेलं, युनी सुरू झालेलं, आणि सोबत सुपरमार्केटात कामही लागलेलं. भत्त्याचा हा शेवटचा हिशेब. तिने सही केली, निळी वही बंद करून टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवला. तोच काळा डावा हात.

“सुटले मी,” म्हणाली. “चौदा वर्षांत एकदाच चुकले बघ. डब्यांचं ते. बाकी सगळं सरळ. लेकीला मी नेहमी त्याचं उदाहरण देते, की खरेपणाचाही फार माज करू नये. आई बघ, एका चटणीपायी कशी तोंडावर पडली.”

ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

“तुझं चुकलं नव्हतं,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“तुझा रिटर्न मी मुदतीत पाठवलाच नाही. डब्यांचा काही संबंध नव्हता. डबे कुणी तपासलेही नाहीत. मी खोटं बोललो.”

तिने वहीवरचा हात काढून घेतला.

“किती दिवस उशीर?” तिने विचारलं.

“अकरा.”

“कुठे होता?”

मी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, ड्रॉवर उघडला आणि आत बघितलं. स्टेपलर, पिना, जुने चष्मे. बंद केला. परत खुर्चीत जाऊन बसली.

“विसरलास?”

“आधी नाही. आधी मुद्दाम ठेवला. तुझा राग आला होता. त्या एका डॉलरवरून.”

“चटणी खारटच होती,” ती म्हणाली.

मग ती खिडकीकडे वळली. बाहेर तिची गाडी उभी होती, नेहमीसारखी, नाक रस्त्याकडे. रिव्हर्समध्ये कुणाच्या दारातून बाहेर पडायला तिला आवडत नसे.

“सहा वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या रे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “आणि म्हणून तू फी घेत नव्हतास.”

“हो.”

“मला वाटायचं, चांगला आहे म्हणून घेत नाही.” मग, “आहेस तसा. पण खांदा बघत नाहीस. तेव्हाही नापास झालास तो त्याच्यामुळेच.”

मी म्हटलं, ती सगळी रक्कम मी देतो, व्याजासकट. तिने वहीवर बोटं वाजवली. “आणि ती मी कशात दाखवू?”

“ती नुकसानभरपाई होईल. बहुतेक उत्पन्न धरणार नाहीत. मी बघून सांगतो.”

“राहू दे. तुझं बघणं बघितलंय मी.” आता मात्र ती खरंच जराशी हसली. “माझे पैसे मी त्या रविवारी शिकवून मिळवले. माझे रविवार तुला देता यायचे नाहीत, आणि लेक काही परत बारा वर्षांची होत नाही. तुझ्याविरुद्ध तक्रार करायची का, ते मी घरी जाऊन ठरवीन. करावीशी वाटली तर करीन, आधी तुला सांगून करीन.” ती उठली. “काकूंचं काय पण?”

मी तिची वही तिच्याकडे सरकवली.

“काकूंना काय वाटतं माहीत आहे तुला?”

“माहीत आहे. मीठ.”

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडावर पहिल्यांदा मला राग दिसला, आणि तो स्वतःसाठी नव्हता. “लर्नर्सचं परमिट दहा वर्षं चालतं. त्यांचं अजून संपलेलं नाही. तुझं लायसन फुल आहे, तू शेजारी बसू शकतोस. तू शिकव. तुझ्या गाडीत, तुझ्या पेट्रोलवर. फुकट म्हटलंस तर त्या यायच्या नाहीत, तेव्हा डबा घ्यायचा. आणि आधी त्यांना खरं काय ते सांगायचं. तू स्वतः सांगायचं, मी नाही.”

तक्रार तिने केली नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस फोन आला, “ठरवलं. नाही करत,” आणि ठेवला. रिटर्न मात्र ती आता दुसऱ्या एजंटकडे भरते. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. त्याची फी ती भरते आणि वहीत लिहिते. पार्किंगची शिकवणी बंद झाली. तिची मला फार आठवण येते, म्हणजे त्या ओरडा खाण्याची.

काकूंना मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं, पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि म्हणाल्या, “म्हणजे मीठ बरोबर होतं.” मी म्हटलं, हो काकू. ओट्याखालचा खण उघडून त्यांनी शिकाऊ गाडीला लावायची पिवळी एल-प्लेट काढली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली. सहा वर्षं ती लाटण्यांजवळ होती.

आता दर शनिवारी सकाळी सातला काकू माझ्या गाडीत बसतात. सहासष्ट वर्षांच्या आहेत. नजर चांगली आहे, मान माझ्यापेक्षा जास्त वळते. राउंडअबाउटला अजून हात जोडल्यासारखं करतात, पण इंडिकेटर देतात. परीक्षेची तारीख घेतलेली आहे. मागच्या शनिवारी प्रथमच वाण्याच्या दुकानापर्यंत गेलो. त्यांनी गाडी दोन रेघांच्या मधोमध लावली, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली.

“इंजिन बंद केलंय मी,” म्हणाल्या. “तू बस. मला वेळ लागेल.”

पंचवीस मिनिटं लागली. मी बसलो.

डबा मागच्या सीटवर असतो, जाताना देतात. घरी आल्यावर मी हात धुऊन खातो आणि मग ऑफिसात जाऊन वही काढतो. मी निळीच आणली. कायद्याने हे लिहायची मला काही गरज नाही, शिकवणं हा माझा धंदा नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी लिहितो. थाळीवाल्याला भाव विचारून आलो, आता तो सोळा आहे. दोन भाज्या, सहा पोळ्या, वरण-भात, चटणी.

परवाच्या डब्यातली चटणी चांगलीच खारट होती. सोळाच लिहिले.